पात्याचं डोकं मऊच ठेवा
लोहारकामातल्या गिलोटिनमध्ये फ्रेमच्या खाचेत वर-खाली सरकणारं पातं असतं; त्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या कडेवर, हातोडा मारून तापलेलं लोखंड कापतात. हे पातं फ्रेममध्ये घट्ट बसवलं की डुलत नाही, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. तापलेल्या लोखंडाला टेकून पातंही तापतं. ५० मिमी रुंदीचं पोलादी पातं २०० अंशांनी तापलं तर साधारण ०.१२ मिमी फुगतं, शिवाय लोखंडाच्या खपल्या खाचेत शिरतात, मग घट्ट पातं अडकतं. मी फ्रेम वेल्ड करताना पात्याच्या दोन्ही बाजूंना हॅकसॉचं एकेक जुनं ब्लेड घालतो, नंतर काढून घेतो. तेवढी फट पुरते.

ट्रकच्या कमानपाट्याची पाती उत्तम, यात दुमत नाही. पण पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करताना, अख्खं पातं कडक करू नका. मी पहिल्यांदा तेच केलं आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला वरच्या कडेचा टवका उडून मनगटात रुतला. चष्मा होता म्हणून डोळे तरी सुरक्षित होते. हातोडा कडक, पातंही कडक, मग टवका उडणारच. आता पातं आधी लाल करून राखेत सावकाश गार करून मऊ करतो, मग फक्त धारेकडचा इंचभर भाग तापवून तेलात बुडवतो आणि निळसर रंग येईपर्यंत पुन्हा हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवतो. डोकं ठोकून पसरतं, ते चालेल. पसरलेली कड मात्र वेळच्या वेळी ग्राइंडरवर घासा, तिचेही तुकडे उडतात.