चीक निघाला म्हणजे ॲस्क्लेपियाड?

धंतोलीकर: काल इथेच एकाने ठोकून दिलं की ॲस्क्लेपियाड म्हणजे लॅटिनमध्ये 'दुधाळ झाड', म्हणून रुई, शेर, वड, पपई सगळे ॲस्क्लेपियाड. आणि लोकं लाइक देऊन राहिले! अहो, दुधाचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. ग्रीकांचा वैद्यकीचा देव ॲस्क्लेपियस, त्याचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ॲस्क्लेपियास या प्रजातीला दिलं, तिच्या कुळातली झाडं ती ॲस्क्लेपियाड. आपली मोठी रुईसुद्धा त्याने त्यातच टाकली होती, रुईची वेगळी प्रजाती कॅलोट्रॉपिस नंतर झाली. शेर एरंडाच्या कुळातला, वड तुतीच्या. ॲस्क्लेपियाड ओळखायचंच असेल तर रुईचं फूल हातात घेऊन पाहा, पराग सुटे नसतात, दोन पिशव्या एका चिमट्याला लटकलेल्या असतात आणि भुंग्याच्या पायाला तो चिमटाच अडकून जातो.

रानभाजी: मीच लिहिलं होतं. इंग्रज या झाडांना मिल्कवीड, म्हणजे 'दुधाचं तण', काय उगाच म्हणतात? आणि तुमचं ते कुळ १९९८ लाच कण्हेरीच्या कुळात गेलं, आता कशाचे ॲस्क्लेपियाड?

धंतोलीकर: कुळ गेलं, उपकुळ आहे ना! रुई, खर्चुडी, बागेतलं हळदीकुंकू सगळे त्यातच.

महालवाली: कुळं राहू द्या हो. मारुतीला शनिवारी हार करताना आमच्या आत्याच्या डोळ्यात रुईचा चीक उडाला. दुखलं काहीच नाही म्हणून ती झोपून गेली, सकाळी सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले बुबुळाला सूज आहे, लगेच पाण्याने धुवून यायला पाहिजे होतं. ही झाडं वस्तीत पाहिजेतच कशाला?

फुटाळा_फिरस्ता: झालं, तोडा! आमच्या सोसायटीनं हेच केलं. कंपाउंडच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या होत्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. माळ्यानं अळ्यांसकट उपटून फेकली. हार विकत घ्या आणि झाड मात्र नको?

महालवाली: तुमच्या घरच्या कोणाचा डोळा गेला असता तर अळ्या मोजत बसला असता का?

फुटाळा_फिरस्ता: पानं तोडताना चष्मा लावा, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, हे सांगा ना लोकांना. झाडानं काय घोडं मारलं? शनिवारी त्याच्याच पाया पडता.

महालवाली: चष्म्याचं ठीक आहे, सांगते मंदिरात. पण शाळेच्या कुंपणाला रुई नकोच, यावर मी ठाम आहे.

रानभाजी: शेर, वड, पपई काढून टाकले पोस्टमधून, झालं समाधान? मिल्कवीड ठेवलंय, ते काढणार नाही.

धंतोलीकर: ठेवा. 'लॅटिनमध्ये दुधाळ' तेवढं खोडा, पोरं तेच परीक्षेत लिहितील.