मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डीकोडर बसवल्यापासून मागचा दिवा विझतच नाही

नमस्कार मंडळी. एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 च्या एका जुन्या अ‍ॅनालॉग वाफेच्या मॉडेल इंजिनात पहिल्यांदाच डीसीसी डीकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी चकती) बसवलाय. लाल-काळी वायर रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला. मोटरचे ब्रश सांगाड्यापासून वेगळे केले, मल्टीमीटर लावून दोनदा खात्री केली. पत्ता (कंट्रोलरवरून इंजिन निवडायचा क्रमांक) 3 वर ठेवून चालवलं तर इंजिन इतकं संथ, इतकं सुरेख निघालं की मी बघतच राहिलो!

पुढे पांढऱ्या (पुढचा दिवा) आणि निळ्या (सगळ्या दिव्यांची सामाईक धन) वायरवर 1 किलोओहमचा रेझिस्टर लावून एलईडी जोडलाय, तो उत्तम चालतो. अडचण मागच्या दिव्याची. तिथे मूळचा छोटा बल्बच ठेवलाय, एक टोक पिवळ्या, म्हणजे मागच्या दिव्याच्या वायरला. एफ0 (कंट्रोलरवरचं दिव्यांचं बटण) बंद केलं तरी तो मंद पेटलेला राहतो, आणि रुळांच्या सांध्यावरून जाताना फडफडतो. निरखून पाहिलं तर बल्बच्या दुसऱ्या टोकाची पितळी पट्टी सांगाड्याला टेकलेली आहे, आणि सांगाडा उजव्या रुळाशी जोडलेला. म्हणजे निळ्या वायरऐवजी रुळाचाच प्रवाह मिळतोय, असा माझा अंदाज. पट्टी कापून ते टोक निळ्या वायरला दिलं तर पुरेल ना? की बल्ब काढून तिथेही एलईडीच बसवू? इतक्या वेळा चालवल्याने डीकोडरचं पिवळं आउटपुट दुखावलं असेल का, ते कसं तपासायचं?

हिरव्या, म्हणजे डीकोडरच्या जादा आउटपुटच्या वायरवर भट्टीचा लुकलुकता उजेडही करायचाय. त्यासाठी नारिंगी एलईडी एक पुरतो की दोन? कुणी केलं असेल तर जोडणीचा फोटो नक्की टाका. मागचा दिवा सुटेपर्यंत इंजिन रुळावर ठेवत नाहीये.