मदत हवी आहे: बीबीसी मायक्रोवरचा जुना रोबो-हात, कंबर वळत नाही, नुसती थरथरते

मंडळी, नमस्कार. वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याकडे दिवाळीच्या आसपास हा हात मिळाला. कुठल्याशा कॉलेजच्या लॅबने काढलेला माल, सोबत बीबीसी मायक्रो मॉडेल बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर. १९८४ च्या क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पात सरकारने शाळांना दिलं होतं तेच मशीन. आमच्या शाळेत ते कुलपात असायचं, कुणाला हात लावू देत नसत. तो राग अजून असावा, दोन्ही वजनावर उचलून आणलं.

मायक्रो चालू केला आणि दहा मिनिटांत घरभर धूर. पॉवर सप्लायमधले जुने रिफा कंपनीचे कपॅसिटर; वयानुसार ते फुटतातच, हे नंतर कळलं. बदलले, आता मशीन ठणठणीत.

हातावर नामपट्टी नाही. रचना १९८१ च्या आर्मड्रॉइड या रोबो-हातासारखी: सहा स्टेपर मोटरी (एकेक पाऊल फिरणाऱ्या), बोटांपर्यंत दोऱ्या. (दोऱ्या तुटल्यात. शेजारच्या काकांनी मांजा सुचवला, नको म्हटलं.) मायक्रोच्या युजर पोर्टला (बाहेरची यंत्रं जोडायची जागा) लाइनी आठच आणि सहा मोटरींना लागणार चोवीस, म्हणून मधल्या बोर्डावर लॅच आहेत, आलेली आज्ञा धरून ठेवणारे. तीन बिट मोटरचा नंबर, चार बिट कॉइली, उरलेला एक स्ट्रोब, म्हणजे 'आता घे' अशी खूण. प्रत्येक मोटरमागे कॉइली चालू-बंद करणारी एक यूएलएन २००३ चिप.

बेसिक भाषेतून ६५१२२ या मेमरी-पत्त्यावर २५५ टाकून सगळ्या लाइनी आउटपुट केल्या, मग ६५१२० वर एकेक कॉइल. पाच मोटरी गुणी पोरांसारख्या फिरतात. कंबरेची मात्र दोन पावलं पुढे, परत मागे, तिथल्या तिथे. वेग कमी केला, पट्टा काढून मोटर मोकळी सोडली, तरी तेच. बारा व्होल्टचा सप्लाय वेगळा आहे. चारही कॉइली मल्टिमीटरवर सारख्या. आता मोटरच बदलायची का? अशी मिळणार कुठे?

ऐरोलीकर: दादा, थांबा, मोटर चांगली दिसतेय. एक कॉइल पेटतच नसेल तर असंच होतं. तिसऱ्या पावलानंतर चौथं गायब, मग थेट पहिलं. तिसऱ्यापासून पहिलं दोन्ही बाजूंनी सारखंच लांब, त्यामुळे रोटर पुढे जायच्या ऐवजी मागे येतो. कंबरेचा आणि खांद्याचा कनेक्टर अदलाबदल करा. रोग खांद्याकडे गेला तर बोर्ड, कंबरेतच राहिला तर मोटर किंवा तिची वायर. बोर्ड निघाला तर चिपच्या इनपुटला पाच व्होल्ट असताना आउटपुट खाली येतो का बघा. आणि नऊ नंबरची पिन बारा व्होल्टला जोडलेली आहे ना? ती सुटली असेल तर आतले डायोड निकामी, मोटरचा उलटा झटका चिपमधल्या ट्रान्झिस्टरला खातो. नुसती चिप बदललीत तर नवीनही जाईल.

धागाकर्ता: अहो, अचूक! रोग खांद्याकडे गेला. एक आउटपुट बारावरच अडकलेला, आणि नऊच्या पिनेची तार सोल्डरपाशीच तुटलेली, भिंगाशिवाय दिसलीही नसती. तार जोडली, लॅमिंग्टन रोडवरून चिप आणली. काल रात्री कंबर वळली आणि टेबलावरचा माझा चहा सांडला. बायकोने फोटो काढलाय, धाग्यावर टाकणार नाही.

आता दोऱ्यांचं सांगा. कोळीवाड्यात तंगूस मिळते, पण ताणली की लांबते, मग बोटं कुठे थांबतील याचा भरवसा नाही. विणलेली दोरी कुणी वापरली आहे का?