चेंडू-दिव्याच्या प्रयोगात दर पौर्णिमेला ग्रहण लागतंय, चुकतंय कुठे?

झरोका:
दिवा सूर्य, डोकं पृथ्वी, हातातला चेंडू चंद्र. गोल फिरलं की कला छान दिसतात, पण पौर्णिमेला चेंडू हमखास डोक्याच्या सावलीत जातो. ‘हात थोडा वर धरा’ असं सगळे सांगतात. थोडा म्हणजे किती?

तिरपी_कक्षा:
खोट अंतरात आहे. चंद्र पृथ्वीच्या साधारण ३० व्यासांइतका लांब असतो, तुमचा चेंडू हातभरच. १२० सेंमीची काठी घ्या. एका टोकाला ४ सेंमीचा चेंडू, दुसऱ्याला ११ मिमीचा मणी. दिवा नको, ऊन हवं. खऱ्या सूर्यामुळे सावल्याही प्रमाणात पडतात. सूर्याकडे पाठ ठेवा आणि काठीचा नेम फक्त सावली बघून धरा.

चेंडूची गडद सावली मण्यापाशी पोचते तेव्हा जेमतेम २.९ सेंमी रुंद उरते. चंद्राची कक्षा ५.१ अंशांनी कललेली, म्हणजे मणी १०.७ सेंमीपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. सावली चुकणारच!

काठी उलटी धरा: मण्याची गडद सावली चेंडूला कशीबशी टेकते. खरा चंद्र लांब असला की तीही टेकत नाही, तेव्हा कंकणाकृती ग्रहण.

वद्य_चतुर्थी:
पण हात कायम वर धरलात तर उलटी चूक, ग्रहण कधीच लागणार नाही. कक्षेचा कल वर्षभर जवळपास एकाच दिशेला राहतो, सूर्याची दिशा बदलते. कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाला) छेदते ते दोन पातबिंदू, म्हणजेच राहू-केतू. सूर्य त्यांपैकी एकाजवळ असतानाची अमावास्या किंवा पौर्णिमाच कामाची.

झरोका:
मग ग्रहणं बरोबर सहा महिन्यांनी यायला हवीत. तारखा मागे का सरकतात?

वद्य_चतुर्थी:
पातबिंदू स्वतः उलटे सरकतात, १८.६ वर्षांत एक फेरी. म्हणून सूर्याला पुढचा पात सुमारे १७३ दिवसांतच भेटतो. २०२५ मध्ये १४ आणि २९ मार्चला ग्रहणं होती, २०२६ मध्ये तीच जोडी १७ फेब्रुवारी आणि ३ मार्चला.

तिरपी_कक्षा:
फोटो कलेचा की ग्रहणाचा हे ओळखायचं तर कडा बघा. कलेत उजेडाची टोकं नेहमी व्यासाच्या दोन टोकांवर असतात, अष्टमीला तर सीमा सरळ रेषाच. खंडग्रास ग्रहणात सावलीची कड चंद्राच्या सुमारे २.७ पट मोठ्या वर्तुळाची, आणि जरा धूसर.