ऑपरेटर, फ्लॅशबँग, स्लिदरिंग: मराठीत काय म्हणता?

एका लष्करी लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडलीये. अमेरिकेत डेल्टा फोर्सवाल्यांना, म्हणजे लष्कराच्या खास तुकडीतल्या जवानांना, ऑपरेटर म्हणतात. आपल्याकडे ऑपरेटर म्हटलं की क्रेनवाला नाहीतर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाई. काय लिहू? फ्लॅशबँग आणि नाइट व्हिजन गॉगललाही शब्द हवेत. शासकीय परिपत्रकछाप नकोत प्लीज.

——

सरळ कमांडो लिहा की. तो तरी कुठे मूळचा इंग्रजांचा, दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या घोडेस्वार तुकडीला कमांडो म्हणायचे, त्यांनी इंग्रजांच्या नाकी नऊ आणले आणि १९४० मध्ये इंग्रजांनी स्वतःच्या छापा घालणाऱ्या तुकड्यांना तेच नाव दिलं. म्हणजे आधी अख्खी तुकडी कमांडो, एकटा माणूस नंतर.

——

फ्लॅशबँगचं काम काय ते बघा ना, डोळे दिपतात आणि कानठळ्या बसतात, माणूस मारणं हा हेतूच नाही. मग कानठळी बॉम्ब म्हणा.

——

कानठळी मस्त! पण अगदीच निरुपद्रवी समजू नका हं. १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत एसएएसवाले (ब्रिटिश लष्कराची खास तुकडी) घुसले तेव्हा फ्लॅशबँगने पडदे पेटले होते, आणि त्यांचाच एक जण दोरात अडकून वर लटकलेला, तो खालून चांगलाच भाजला.

——

नाइट व्हिजनला कुठेतरी रात्रीची दुर्बीण लिहिलेलं वाचलं, ते साफ चूक. दुर्बीण लांबचं मोठं करून दाखवते, इथे मोठं काहीच होत नाही, चांदण्याचा जो तुटपुंजा उजेड असतो तोच नळीत हजारो पटींनी वाढतो, आणि नळीतल्या फॉस्फरच्या पडद्यामुळे चित्रात ती हिरवी झाक (नवीन नळ्यांत पांढरट). थर्मल ते वेगळं, ते उष्णता बघतं. आणि नेहमीच्या दोन नळ्यांतून जेमतेम ४० अंशांतलं दिसतं, बाजूचं बघायला अख्खी मान फिरवायची, घुबडासारखी. चार नळ्यांचे आले त्यात ९७ अंश. मी तर घुबडचष्मा म्हणेन 😄

——

घुबड आपल्याकडे अपशकुनी हो, जवान डोक्याला लावतील का ते!

——

स्लिदरिंग राहिलंच की. २८ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे जवान हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले, आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो, चॅनेलवाले रॅपलिंग काय नि एअरड्रॉप काय वाट्टेल ते बोलत होते, आणि आमची आजी म्हणाली, विहिरीत पोहरा सोडावा तशी सोडतायत गं पोरं. तेव्हापासून आमच्या घरात स्लिदरिंग म्हणजे पोहरा.

——

पोहरा गोड आहे पण पोहऱ्याला दुसरं कुणीतरी सोडतं, हे स्वतः उतरतात, दोर हातांत आणि पायांत धरून. दोरावरून सरसर उतरणे, बस.

——

ठरलं, कमांडो, कानठळी बॉम्ब, सरसर उतरणे. घुबडचष्मा संपादक कापणार, तिथे नाइट व्हिजनच ठेवते.

——

आणि सायलेन्सर आला तर? बुलेटवाले लगेच एक्झॉस्टकडे बघतील.