आकार बदलला की पाहणे बदलते का?

मृण्मय : हुबेहूब मानवी शिल्प ही निव्वळ कारागिरी असून ते लहान-मोठे करणे म्हणजे प्रेक्षकाला दिपवणे होय, असे ‘छिन्नी’ यांनी काल लिहिले. ते मला मुळीच पटत नाही. माणसांची हुबेहूब शिल्पे लहान-मोठ्या आकारात घडवणारे शिल्पकार रॉन म्यूइक यांचे ‘डेड डॅड’ (१९९६-९७) हे त्यांच्या मृत वडिलांचे शिल्प जेमतेम १०२ सेंटीमीटर लांबीचे आहे. त्यात दिपण्यासारखे काय आहे? रुग्णालयात माझ्या वडिलांच्या अंगावरची चादर शेवटची सारखी करताना, ज्या खांद्यांवर बसून मी लहानपणी हिंडलो, ते माझ्या दोन तळहातांत मावतील असे मला वाटले होते. मोजपट्टीने ते खोटे ठरवले असते. त्या शिल्पाने ठरवले नाही.

छिन्नी : आपले दुःख मी नाकारत नाही, परंतु त्यावरून शिल्पाचा निवाडा होत नाही. शिल्पकार ड्युएन हॅन्सन यांनी माणसे माणसांएवढीच केली, तरीही प्रेक्षक त्यांना जिवंत समजून थबकतात.

मृण्मय : खुलासा होताच तो संभ्रम संपतो. म्यूइक यांच्याकडे आकारामुळे तो सुरूच होत नाही. शिवाय हॅन्सन जिवंत शरीरावरून साचे घेत, म्यूइक मातीत घडवतात.

छिन्नी : त्या ‘शिवाय’मध्ये आपण साचेकामाला खालची पायरी दाखवलीत, याचा मला संताप आला आहे. मी आईच्या हाताचा साचा घेतला, तेव्हा घट्ट होणारे प्लास्टर तापू लागले आणि ती बोट न हलवता बसून राहिली. साच्यातून निघालेल्या हाताचे मांस मात्र प्लास्टरच्या वजनाने दबून सपाट झाले होते, ते मला आठवडाभर मेणात पुन्हा भरावे लागले. ही नक्कल नव्हे. प्रेक्षक शिल्पाच्या अंगावरचे केस मोजतात आणि या मेहनतीकडे पाहतही नाहीत.

मृण्मय : साचेकामाबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. आकाराबद्दलचे नाही.

ओंजळ : चौथऱ्यावरचा प्रचंड पुतळा सत्ता सांगतो. म्यूइक यांचा ‘बॉय’ (१९९९) सुमारे पाच मीटर उंच असूनही उकिडवा बसून, हात डोक्याशी नेऊन, तिरक्या नजरेने पाहतो. एवढ्या मोठ्या देहात एवढी भीती पाहून आपणच अवघडतो. दिपवायचेच असते, तर त्याला उभा केला असता.

छिन्नी : ‘डेड डॅड’पुरते मान्य करतो, कारण आईचा तो हात आता मलाही लहान वाटतो. ‘बॉय’बाबत मात्र नाही, त्याचा भव्यपणा काढून घेतला, तर ती भीती किती उरेल, हे मला कोणी सांगितलेले नाही.