मदत हवी आहे: वेल्ड केलेला ट्रेलर हिच ठेवू की काढू?

मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या महिन्यात १९९९ची जीप चेरोकी घेतली, ४ लिटरची, सहा सिलिंडर. इंजिन अजून ठणठणीत आहे. आधीच्या मालकाने मागचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा, बोल्ट न लावता थेट वेल्ड करून टाकलाय.

काल खाली झोपून बघितलं. एका बाजूचा वेल्ड सलग आहे, दुसऱ्या बाजूला नुसते गोळे-गोळे. शेजारी स्क्रूड्रायव्हरने टोकलं तर गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची कृपा!

या गाडीला ट्रकसारखी वेगळी जाड चासी नाही, बॉडीलाच पत्र्याचे पोकळ रेल आहेत. पातळ पत्र्यावर वेल्ड केला की कडेचा पत्रा उष्णतेने कमजोर होतो आणि आतला रंग जळून तिथूनच गंज धरतो, एवढं मला कळतं. बोल्टचा हिच निदान काढून तपासता येतो, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने) पुन्हा आवळता येतो.

ओढायचा आहे छोटा ट्रेलर, सामानासकट साधारण ६०० किलो. त्याच्या १०-१५ टक्के, म्हणजे हिचवर ६०-९० किलो भार.

ग्राइंडरने वेल्ड कापताना रेलचा पत्रा कसा वाचवायचा? रेलच्या आत नटांची पट्टी सरकवून कोणी बोल्ट लावलेत का? की गंजलेला भाग आधी कापून नवा पत्रा बसवावाच लागेल? एक वेल्डर म्हणतो, ‘वरून अजून एक थर मारतो, काही होत नाही.’ मला ते पटत नाहीये.